उमाजीचं पाणी

तांबुळवाडी, पिंगळी स्टेशन
६ ऑगस्ट १९८४

मने,

मामाचा आशीर्वाद. हे पत्र घेऊन तुझी मामी येईल अन् मामीच्या खांद्यावर उमाजी आसंल. गाडीत चढवायला गार्ड दत्तराव हात देतो म्हणालाय. तू पूर्णेला त्या साथीच्या दवाखान्यात नर्स हायस म्हणून पाठवायलोय. न्हाईतर माझ्या पोराला दवाखाना दाखवायची वेळ येईल आसं मला सपनात बी वाटलं नव्हतं.

झालं आसं. हगवण-वांतीची साथ आपल्याकडच्या वाड्यांत बी शिरलीय. शुक्रवारी उमाजीला लागली. दोन दिस नुसता धो धो. मी माझा इलाज केला. तुला ठावंच हाय, सात वाड्यांत कुणाचं बी मेंढरू हगवणीला लागलं की आधी लिंबाजीकडं आणत्यात. बाभळीच्या सालीचा काढा दिला, कोरड्यात निजवलं, अन् रविवारी सकाळी हगवण बंद! पार बंद. मी म्हणलं, जितलो.

पण पोरगं उठंना. डोळे खोल गेलेत, उचकी लागलीय, मधी मधी काहीबाही बोलतंय. लघवी म्हणशील तर शनिवार दुपारपासून थेंब न्हाई. बाईस वर्साचा गडी, चार कोस मेंढरामागं पळणारा, त्याला आज मी लेकरासारखा उचलून गाडीपाशी नेला.

मी येऊ शकत न्हाई. साठ मेंढरं हायत, चिखलानं त्यांची खुरं सडायला लागलीत. सूनबाई कासाबाईच्या कडंवर चार महिन्याचं लेकरू, ती एकटी काय काय बघंल? तवा तूच बघ. मला एकच पोरगं हाय, हे तुला सांगायला नको. जबाब दत्तरावाकडं दे. रोजच्या पॅसेंजरला मी स्टेशनावर उभा ऱ्हाईन.

लिंबाजी


पूर्णा, साथीचा दवाखाना
(स्टेशनामागची धर्मशाळा)
७ ऑगस्ट

ती. मामा,

पाया पडते. उमाजी पोचला, जिवंत पोचला, हे आधी वाचा आणि मग पुढचं वाचा.

काल आल्या आल्या त्याला सलाईन लावली. नाडी हाताला लागायला लागली, डोळ्यांत ओळख आली. मला ‘मनाक्का’ म्हणाला. पण लघवी काही आली नाही. आमचे देऊळगावकर डॉक्टर म्हणतात, त्याचे गुर्दे थांबलेत. मेंढराचे गुर्दे तुम्ही शंभरदा हातात धरलेत, तुम्हाला मी काय सांगू? रक्तातली घाण काढून लघवीवाटे बाहेर टाकायची, हे त्यांचं काम. अंगातलं पाणी फारच आटलं की ते बंद पडतात आणि घाण रक्तातच साठते. उचकी त्याचीच. आठ-दहा दिवसांनी गुर्दे आपले आपण जागे होऊ शकतात. पण तेवढे दिवस उमाजीला जगवायचं कसं, एवढाच प्रश्न आहे, आणि तो लहान नाही.

रक्त धुवायचं यंत्र असतं. ते इथं नाही, आणि जिथं आहे तिथपर्यंतचा प्रवास त्याला झेपणार नाही. डॉक्टर म्हणाले, “यंत्र नाही तर नाही, पोट तर आहे!” औरंगाबादला शिकताना त्यांनी हे केलेलं आहे. बेंबीखाली बारीक भोक पाडून नळी घालायची. दोन बाटल्या औषधी पाणी पोटात सोडायचं आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. मग त्याच रिकाम्या बाटल्या खाटेखाली ठेवल्या की ते पाणी आपसूक खाली येतं. की पुन्हा नवं पाणी. अशा चाळीस फेऱ्या तरी हव्यात. आज दुपारी सुरू करतोय. घाबरू नका.

आणखी दोन गोष्टी. एक, उमाजीला प्यायला आता दिवसभरात फक्त दोन कप पाणी. लघवीच नाही तर प्यालेलं पाणी जाणार कुठं? ते छातीत भरतं आणि माणूस गुदमरतो. दुसरी गोष्ट, हगवण चालू असताना घरी त्याला पाणी किती पाजलं होतं? डॉक्टरांनी विचारलंय. मामीला मी तीनदा विचारलं, ती पदर तोंडाला लावून बसते. तुम्ही कळवा.

तुमची मनकर्णा


तांबुळवाडी
८ ऑगस्ट

मने,

पोटाला भोक पाडायचं वाचून मी भिईन आसं वाटलं का तुला? अगं, कोवळा चारा खाऊन मेंढरू फुगलं की त्याच्या कुशीत सुई मीच घालतो! तुझ्या डॉक्टरला सांग, डाव्या कुशीला, बरगडी सोडून चार बोटं. बेंबीखाली कामून पाडायलाय? शिकलेला हाय का नुसताच कोट घालून फिरतोय?

पण दुसरी गोष्ट वाचून माझं टाळकं सरकलं. दोन कप पाणी! माझ्या घरी कुत्र्याला बी ह्याच्यापेक्षा जास्त मिळतं. तूच म्हणतीस पाणी आटलं म्हणून गुर्दे बंद पडले, अन् तूच म्हणतीस पाणी देऊ नका. एक काहीतरी धरा की! पोरगं तिथं पाण्यापायी तळमळत आसंल अन् तुमी कप मापत बसलाव. आज दत्तरावासंगं आपल्या विहिरीच्या पाण्याचा कॅन पाठवायलोय. मामीला सांग, पोराला पोटभर पाज. माझा हुकूम हाय म्हणावं.

अन् घरी किती पाजलं म्हणून विचारलंस. पाजलं आसंल की. मी काय मापट्यानं मोजत बसलो व्हतो? ज्या गोष्टीनं आता फायदा न्हाई ती विचारून डॉक्टरला काय मिळणार हाय? पुढचं बघा म्हणावं.

आज दोन मेंढरं लंगडायलीत. मला इथून हलता येत न्हाई.

लिंबाजी


पूर्णा
९ ऑगस्ट

ती. मामा,

तुमचा कॅन पोचला आणि मी तो गटारीत ओतला. ज्या विहिरीचं पाणी पिऊन तुमच्या वाडीत हगवण लागलीय, तेच पाणी माझ्या वॉर्डात पाठवता? रागवायचं तर रागवा. इथं हुकूम माझा चालतो.

तुमचा डाव्या कुशीचा निरोप मी डॉक्टरांना जसाच्या तसा सांगितला, कोटासकट. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. म्हणाले, “मामांना सांगा, मेंढराला चार पोटं असतात आणि फुगतं ते डावीकडचं. माणसाला एकच दिलंय, त्यामुळं मला बेंबीखालीच जावं लागतं. पण हात त्यांचा मागून घ्यावासा वाटतो.” तेव्हा कोटाबद्दल आता बोलू नका. कोट काढून ते खाटेला टेकून जमिनीवर बसतात आणि तिथंच भाकरी खातात. एका हातात भाकरी, दुसरा उमाजीच्या नाडीवर. मामा, चौदा वर्षं मी ही नोकरी करतेय. हाताशी काही नसताना इतक्या शांतपणे काम करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

चौदा फेऱ्या झाल्यात. उचकी कमी आहे. आता मामीचं ऐका. पोटात सोडायचं पाणी अंगाइतकं कोमट लागतं. गार गेलं तर रोगी थंडीनं कुडकुडतो, गरम गेलं तर आतून पोळतं. आमच्याकडं त्याचं साधन नाही आणि वीज तर दिवसातून चारदा जाते. मामी उठली, घमेल्यात ऊन पाणी घेतलं, त्यात बाटल्या ठेवल्या आणि एकेक बाटली काढून गालाला लावून बघायला लागली. पोरक्या कोकराला दूध पाजताना बघते तशी. डॉक्टरांनी पहिल्या तीन बाटल्यांना थर्मामीटर लावला. चौथ्या वेळी थर्मामीटर खिशात घातला आणि म्हणाले, “आता मामी सांगतील ते खरं.” कालपासून सगळा वॉर्ड तिला मामीच म्हणतो.

बाटल्या गालाला लावता लावताच ती बोलली. उमाजीला दोन दिवस तुम्ही पाण्याचा थेंब दिला नाही, हे तिनं सांगितलं. मला आधी तुमचा फार राग आला. इतका, की काल लिहिलेलं पत्र मी फाडलं.

आता राग बाजूला ठेवून लिहिते. पोट धुवायच्या खास बाटल्या संपल्यात, नव्या यायला आठवडा लागेल. डॉक्टर साध्या सलाईनच्या बाटल्यांत ग्लुकोज मिसळून तेच पाणी तयार करतात. पण हगवणीनं सुकून आलेल्या माणसाच्या शिरेत लावायची सलाईन पण तीच. उमाजीच्या एका फेरीला दोन बाटल्या जातात. आणि धर्मशाळेच्या ओसरीवर रोज दहा-बारा माणसं येऊन पडतायत. कळलं ना मामा? जो माणूस घरीच पाणी पिऊन तगेल, इथं येणार नाही, त्याच्या बाटल्या उमाजीला मिळतील.

पाणी उकळून गार करा. एक मोठा तांब्या पाणी, मूठभर साखर, तीन बोटांत मावेल एवढं मीठ. चव घेऊन बघायची, आसवापेक्षा खारट लागता कामा नये. हगवण लागली की दर जुलाबामागं वाटीभर पाजायचं. ओकलं तरी थांबून पुन्हा पाजायचं, चमच्यानं. सात वाड्या तुमचं ऐकतात म्हणता ना? मग सांगा त्यांना.

मनकर्णा


तांबुळवाडी
१० ऑगस्ट

मने,

मामीनं सांगितलं ते खरं हाय.

हगवण लागलेलं मेंढरू आमी पाण्यावर सोडत न्हाई. कोरड्यात बांधतो, बाभळीचा पाला टाकतो, अन् दोन दिसांत ते उठतं. माझ्या बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं. मला वाटलं, वरून पाणी बंद केलं की खालून आपसूक बंद होतंय. पोरगं म्हणायचं, आबा, घोटभर. मी म्हणायचो, आजचा दिस दम धर, उद्या देतो. त्याच्या हाताला लागंल म्हणून तांब्या मीच वर टांगून ठेवला. हगवण बंद झाली तवा मी मिशीला पीळ दिला, मने. त्याच्या अंगात पाणीच उरलं नव्हतं म्हणून ती बंद झाली, हे मला तुझ्या चिठ्ठीतून कळलं. मी माझ्या हातानं केलं हे. लय वंगाळ केलं.

तुझी चिठ्ठी स्टेशनावरच दोनदा वाचली अन् तिथून सरळ बिरोबाच्या ओट्यावर गेलो. सगळ्या वाडीला हाळी दिली. म्हणलं, पाणी तोडू नका, पाणी पाजा. तर नागनाथ उठला. म्हणला, “लिंबाजी, परवा तूच सांगितलंस की पाणी तोडा. माझी बायको कालपासून कोरडी हाय तुझ्या सांगण्यावरून.” सगळे माझ्याकडं बघायले. मी म्हणलं, “परवाचा लिंबाजी येडा व्हता. त्याच्या पोराचं पोट पूर्णेला धुवायलेत. तुमाला तुमच्या माणसांची पोटं धुवायची आसतील तर परवाच्या लिंबाजीचं ऐका.” कुणी हसलं न्हाई. आपलाच थुका आपण गिळायला मला बावन्न वर्सं लागली.

तिथंच चूल मांडली, पाणी उकळलं. कासाबाईनं घरातली साखर सगळी आणून वतली. नागनाथाच्या बायकोला मी सोता चमच्यानं पाजलं. चार वेळा ओकली, पाचव्यांदा टिकलं. संध्याकाळी तिला लघवी झाली म्हणून नागनाथ पळत सांगायला आला. मने, बायामाणसाची आसली गोष्ट गडी गड्याला सांगत न्हाईत, पण त्याला शरम वाटली न्हाई अन् मला बी न्हाई.

तीन वाड्या झाल्या, चार ऱ्हायल्या. आसवाची खूण लोकांना लगेच कळती. मेंढरामागं कासाबाई जाती, लेकरू पाठीला बांधून. लंगडी मेंढरं तिनं न्यारी काढलीत, खुरांना मोरचूद लावला. मी तिला कधी काही शिकवलं नव्हतं, ती बघून शिकली.

डॉक्टरला माझा रामराम. कोटाचं बोललो ते माघारी घेतो. बाटल्या किती उरल्यात ते कळव.

लिंबाजी


पूर्णा
११ ऑगस्ट

ती. मामा,

आधी तुमचं कौतुक, कारण ते डॉक्टरांनी स्वतः लिहायला सांगितलंय. पिंगळीच्या बाजूनं रोज चार-पाच माणसं यायची. काल एक आलं, आज एकही नाही. डॉक्टर म्हणाले, “मामांनी दोन दिवसांत मला चाळीस बाटल्या पाठवल्या.” त्याच बाटल्यांच्या जोरावर उमाजीच्या फेऱ्या एकतीसवर गेल्या.

आता पुढचं वाचताना शांत राहा.

आज सकाळी साडेनऊला नदीपल्याडच्या एका वस्तीवरून ट्रॅक्टर आला. त्यात पाच माणसं. एक कस्तुरा म्हणून अठरा वर्षांची सासुरवाशीण, पहिलटकरीण, सातवा महिना. हात बर्फ, नाडी नाही, डोळे उघडे आणि नजर कुठंच नाही. बाकीचे चौघंही तिच्याच वाटेवर. वॉर्डात अठरा बाटल्या होत्या. मामीनं कोमट करून ओळीनं मांडलेल्या. नवा माल दुपारच्या गाडीनं येणार होता, पण दुपारपर्यंत ती पोरगी राहिली नसती.

डॉक्टर मधोमध उभे राहिले. एकदा उमाजीकडं बघायचे, एकदा ओसरीकडं. मी नुसत्या बाटल्या मोजत राहिले. शेवटी उमाजी माझ्या मामाचा.

मामी उठली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ओसरीवर गेली, कस्तुराच्या पोटावर हात ठेवला, परत आली आणि डॉक्टरांना म्हणाली, “ह्या घ्या. माझ्या लेकाचं धुवून झालं आज. तिच्या आत अजून एक हाय.” आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच बाटल्या उचलून ओसरीवर न्यायला लागली. डॉक्टरांनी तिच्या हातातून घेतल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

पाचही माणसं वाचली मामा. कस्तुराच्या पोटातलं बाळही हलतंय.

पण खरं ते लिहिते. दुपारच्या गाडीनं माल आला नाही. उमाजीची नळी काढून टाकावी लागली, जास्त वेळ ठेवली तर पोटात पू होतो. म्हणजे आता धुणं नाही. एकतीस फेऱ्यांत जेवढी घाण निघाली तेवढ्यावर गुर्द्यांनी जागं व्हायचं. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवसांत लघवी आली तर जिंकलो. नाही आली, तर पुन्हा भोक पाडावं लागेल, आणि त्याच्यात तेवढी ताकद राहील का, ते ते सांगत नाहीत.

तुम्ही लिहिता की मेंढरं कासाबाई सांभाळते. मग मामा, तुम्ही का येत नाही?

मनकर्णा


पिंगळी स्टेशन
१३ ऑगस्ट

मने,

काल चिठ्ठी न्हाई. आज बी न्हाई. पॅसेंजर आली, दत्तराव डब्यातूनच मान हलवून गेला.

तुझ्या मामीनं केलं ते मला झालं नसतं. मी बाटल्यांवर आडवा पडलो आसतो. तीस वर्सं संगं ऱ्हायलो अन् ती एवढी मोठी हाय हे मला म्हाईत नव्हतं. तिला सांग, तू केलंस ते बराबर केलंस. पोरगं गेलं तरी बराबर केलंस. हे मी लिवलंय, तिला वाचून दाखव.

मी कामून येत न्हाई ते विचारलंस. मेंढराचं निमित्त हाय. पोरानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं तर मी काय करू? पाणी मागितलं त्यानं माझ्याकडं.

सातवी वाडी झाली. आता नदीपल्याड जायलोय.

लिंबाजी


पूर्णा
१४ ऑगस्ट, मंगळवार

मामा!

आली!

आज सकाळी सव्वासातला उमाजी म्हणाला, मनाक्का, पोट दुखतंय. मी भांडं दिलं. अर्धा कप आली. गढूळ, चहासारखी, पण आली! मी ते भांडं घेऊन वॉर्डभर पळाले. डॉक्टर तोंडाला साबण लावून दाढी करत होते, तसेच बाहेर आले. भांडं उजेडात धरून फिरवून फिरवून बघितलं आणि ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. म्हणाले, “सिस्टर, एवढी सुंदर गोष्ट मी जन्मात पाहिली नाही.” साबण तसाच वाळला तोंडावर. दुपारी पुन्हा एक कप. आता ही चिठ्ठी बंद करताना तिसऱ्यांदा झाली, आणि ती जवळजवळ लिटरभर.

कस्तुरानं तिच्या खाटेवरून मामीला हाक मारली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मामीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “एवढं चांगलं बोलाया त्यांना पिंगळीला बसावं लागलं व्हय? तोंडावर कधी जमलं न्हाई.” पण पत्र मागून घेतलं आणि चोळीत ठेवलं.

दोन दिवस लिहिलं नाही म्हणून माफ करा. लिहायला काही नव्हतं, आणि खोटं लिहवेना.

मनकर्णा


पिंगळी स्टेशन
१५ ऑगस्ट

मने, बाई माझी,

आज स्टेशनावर झेंडावंदन व्हतं. स्टेशनमास्तर भगवानराव, पोलीस, शाळेची लेकरं, सगळे ताठ उभे. पॅसेंजर आली. दत्तरावानं लांबूनच चिठ्ठी हलवली अन् मी समद्यांच्या मधून पळालो. पहिली वळ वाचली अन् माझा माझ्यावर ताबा ऱ्हायला न्हाई. मी वरडलो, “पोरगं मुतलं! माझं पोरगं मुतलं!”

लेकरं खिदळायला लागली. पोलीस धावला. मला वाटलं, आता दोन ठोकतो. पण भगवानराव मास्तराला समदं ठावं व्हतं, रोज मला बाकावर बसलेला बघायचे. ते झेंड्याजवळून चालत आले, माझा हात धरला अन् म्हणले, “लिंबाजीराव, आधी च्या घ्या.” मी च्या घेतला अन् पोटभर रडलो. नाकाडोळ्याला पाणी. आजूबाजूची मंडळी, ज्यांची मी नावं बी जाणत न्हाई, पाठीवर हात फिरवायली.

तुझ्या डॉक्टरला काय म्हणू? माझ्यापाशी देण्याजोगं काही न्हाई अन् तो घेणार बी न्हाई. त्याला येवढं सांग, की सात वाड्यांत आता लिंबाजीचं औषध म्हणून जे चालतंय, ते त्याचं हाय. अन् तुला मी काय म्हणू? तू नर्स व्हायला गेलीस तवा मी तुझ्या मायीला म्हणलो व्हतो, पोरीला घाण उपसायला पाठवायलीस. आज त्या घाणीचं भांडं घेऊन तू पळालीस अन् माझं घर वाचलं. माझा तो शब्द मी माघारी घेतो. आसं माघारी घ्यायचं लय साचलंय माझ्याकडं.

उमाजीला अजून सांगू नको की पाणी मी तोडलं व्हतं. मी सोता येऊन सांगीन. अंगात बळ आलं की येतो. बळ त्याच्या न्हाई, माझ्या.

लिंबाजी


पूर्णा
१७ ऑगस्ट

ती. आबा,

पाया पडतो. मनाक्काकडं कागद मागून सोता लिवायलोय. अक्षर वाकडंतिकडं हाय, समजून घ्या.

तुमची पत्रं मनाक्कानं उशाखाली ठेवली व्हती. मी वाचली. तिला रागवू नका.

आबा, तुमी काय येऊन सांगणार? मला ठावं हाय की. ते दोन दिस मी बेसुद नव्हतो, नुसते डोळे मिटून पडलो व्हतो. माय तुमच्यापुढं तांब्या करायची अन् तुमी ढकलायचे. भाकर बी कोरडी खाल्ली. माय म्हणली, तुमी तरी प्या. तुमी म्हणले, पोराला न्हाई तर मला बी न्हाई. तिसऱ्या दिसापर्यंत तुमच्या बी व्हटाला चिरा पडल्या व्हत्या. हे तुमी मनाक्काला लिवलं न्हाई. डॉक्टरला मी सांगितलं.

आता माझे गुर्दे असे सुटलेत की दिसाला तीन-चार लिटर लघवी हुतीय. डॉक्टर म्हणले, जेवढी जाईल तेवढं पाणी प्यायचं, कमी पडू द्यायचं न्हाई. कप गेला, आता तांब्या आला. मी एकटाच पितोय अन् माय बघत बसतीय.

मेंढरं कासीकडं द्या अन् उद्याच्या गाडीनं या. इथल्या माठातलं पाणी उकळून गार केलेलं हाय. दोघं बसून पिऊ.

तुमचा
उमाजी